माझ्या नावाचं पाकीट

अंगणवाडीच्या वहीत नाव लिहायला घेतलं आणि बाईंनी पेन तसंच वर धरून विचारलं, "खयचा नाव लिवू गो? हयचा की थयचा?"

हयचं म्हणजे सासरचं, थयचं म्हणजे माहेरचं. मार्च 2024 संपत आला होता. दुसऱ्यांदा पाळी चुकली, घरी किट आणून बघितलं, आणि आशाताई मला आधी उपकेंद्रात आणि तिथून तशाच अंगणवाडीत घेऊन आल्या. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मालवण तालुक्यातल्या या किनाऱ्यावरच्या गावात मला सगळे नवऱ्याच्या आडनावाने ओळखतात. रेशनकार्डावर तेच नाव, उपकेंद्रातल्या सिस्टरांनी दिलेल्या माता व बाल संरक्षण कार्डावरही तेच. आधार मात्र अकरावीत असताना काढलेलं. त्यावर वडिलांचं नाव, वडिलांचं आडनाव, आणि दोन वेण्या घातलेला, घाबरल्यासारखा दिसणारा फोटो.

"आधारार जा आसा ता लिवतंय," बाईंनीच ठरवलं. "आता नाव बदलूक गेलंस तर पोर चलाक लागात, कार्ड येवचा नाय."

आज मागे वळून बघताना वाटतं, बाई तेवढ्या एका वाक्यात पुढचं दीड वर्ष सांगून मोकळ्या झाल्या होत्या. तेव्हा मी नुसतीच हसले. माहेरचं नाव परत कुठेतरी लिहिलं जातंय याचं बरंही वाटलं असेल.

मी बी.ए. झाले आहे. गावात त्या शिक्षणाला काम नाही, म्हणून काजूच्या फॅक्टरीत जात होते. किलोवर पैसे. तिसऱ्या महिन्यात टरफलाच्या तेलाचा वास नाकात गेला की पोटातलं सगळं बाहेर यायचं, म्हणून काम सोडलं. सोडलं म्हणजे जायचं बंद केलं. तिथे राजीनामा वगैरे प्रकार नसतो. नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे ते दोन महिने घरात येणारा पैसा शून्य. दीर मुंबईला, जाऊ आणि तिचा चार वर्षांचा मुलगा इथे. सासू, सासरे. म्हणजे घरात ताटं सहा.

ही सहा ताटं लक्षात ठेवा.

नोंदणी झाल्यावर गरोदर बाईला काय काय मिळतं हे मला माहीत नव्हतं, आणि ते एका जागी कुणी सांगतही नाही. सिस्टर, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई अशा तिघींकडून ते तुकड्यातुकड्यात कळतं. गोळ्या, धनुर्वात-घटसर्पाची, म्हणजे टीडीची दोन इंजेक्शनं, वजन, रक्त, दर महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टरांकडून तपासणी, हे सिस्टरांकडे. मातृवंदना योजनेच्या पैशांचा फॉर्म आशाताईंकडे. आणि आहार बाईंकडे. आरोग्य खातं वेगळं, महिला बालविकास वेगळं, दोघांची ॲप वेगळी. मी एकच, पण उंची, वजन आणि पाळीची तारीख मी तीनदा तीन जणींना सांगितली. तिघींनी ती तीन वेगवेगळ्या मोबाइलांत भरली.

आमच्या बाई तेव्हा नुकत्याच संपावरून परतल्या होत्या. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनिसांचा संप सुरू झाला होता, तो जानेवारीत मिटला. त्या काळातलं भरायचं राहिलेलं सगळं त्या आता भरत होत्या. सरकारने आधी दिलेले मोबाइल इतके फुसके होते की 2021 मध्ये सेविकांनी ते परत नेऊन दिले होते, ही हकिकत त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली. ॲप उघडेपर्यंत वेळ होता म्हणून.

एप्रिलमध्ये पहिलं पाकीट मिळालं. टीएचआर म्हणतात त्याला, म्हणजे घरी न्यायचा आहार. मूगडाळ खिचडीचं तयार मिश्रण आणि एक गोड पीठ. पिशवी घेऊन घरी आले तर सासूबाई पडवीत सुकट निवडत होत्या.

"ह्या काय हाडलंस?"

मी सांगितलं. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. "आमच्या येळार सुकडी मेळा. ती तरी गोड लागा. ह्या कोण खातला?"

सगळ्यांनीच खाल्लं. त्या रात्री खिचडी झाली, वर खोबरं घातलं, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा. सासऱ्यांनी दोनदा घेतली. पुतण्याने गोड पिठाचे लाडू करायला लावले आणि दोन दिवसांत संपवले. महिन्याचं पाकीट आठवड्यात गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि का वाटावं? आमच्याकडे सून आपली वेगळी थाळी मांडून बसली असती तर ती गोष्ट वाडीतल्या सगळ्या पडव्यांवर फिरली असती.

मे महिन्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.9.

सिस्टरांनी कार्डावर ते लाल पेनाने लिहिलं. गरोदरपणात 11 तरी हवं, 7च्या खाली गेलं तर थेट मोठ्या दवाखान्यात. मी मधल्या पायरीवर होते. लोहाची रोज एक गोळी चालू होती, ती दोन केली. मग त्यांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस? मी खरं सांगितलं, सकाळी चहाबरोबर. त्यांनी डोक्याला हात लावला. चहाने लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तरी तेच. मी दोन्ही गोळ्या एकदम, चहाच्या घोटाबरोबर घेत होते, म्हणजे सगळं करून काही न केल्यासारखं. मग वेळा ठरल्या. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणासोबत, लोह रात्री जेवल्यावर, आणि लोहाच्या गोळीवर कोकमाचं आगळ पाण्यात घालून. लिंबू सांगतात सगळीकडे, पण आमच्या घरात आगळाची बाटली बारा महिने असते. शी काळी होते, मळमळतं, हे आधीच सांगितलं म्हणून मी घाबरले नाही. आमच्या वाडीतल्या दोघी जणी ते न सांगितल्यामुळे गोळ्या परसात फेकून मोकळ्या झालेल्या मला माहीत आहेत.

"आहार मिळतो ना अंगणवाडीतून? तो कोण खातं?" सिस्टरांनी सहज विचारलं.

मी गप्प.

त्याच आठवड्यात बाई घरभेटीला आल्या, तेव्हा मीच त्यांना विचारलं, हे पाकीट नेमकं किती माणसांचं असतं? त्यांनी हिशोब सांगितला. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसाला 600 किलोकॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं, वर्षात 300 दिवस. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला 500 आणि 12 ते 15 ग्रॅम. हे तुझ्या घरच्या जेवणाच्या वर, त्याच्या जागी नाही. मी मनातल्या मनात 600 ला सहाने भागलं. शंभर. एका केळ्याएवढं. म्हणजे सरकार माझ्यासाठी रोज एक जेवण पाठवत होतं आणि माझ्यापर्यंत पोचत होतं एक केळं.

हे मी घरी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर सासूबाईंचं उत्तर मला पाठ होतं: "तुझ्या नावाचा म्हणान काय झाला? रांधल्यार घरातल्या सगळ्यांचा." आणि ते चूक तरी कुठे आहे? जून लागला होता. ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले, नवरा घरी बसून जाळी विणत होता, ताजा मासा नाही, डाळ महाग. चार वर्षांचं पोर समोर बसलेलं असताना लाडू आपल्या तोंडात कसा घालायचा? लोक 'जनजागृती' म्हणतात, पण बायकांना माहिती नसते असं नाही. मला माहिती होती. ताटं सहा होती.

बाईंनी यावर काय केलं ते सांगण्यासारखं आहे. त्यांनी मला काहीच सांगितलं नाही, सासूबाईंना बोलावलं. जुलैत अंगणवाडीत आम्हा तिघी गरोदर बायांचं डोहाळजेवण होतं. त्याला सासूबाईंना ओटी भरायला बसवलं. नारळ, तांदूळ, आणि खणाऐवजी शेवग्याचा पाला, टाकळा, अळू. मग सगळ्यांसमोर माझं कार्ड हातात दिलं. "काकी, ह्या लाल काय लिवलेला आसा, वाचा." सासूबाई सातवी शिकलेल्या आहेत. त्यांनी वाचलं. मग बाईंनी एवढंच सांगितलं की बाळाच्या अंगात जे रक्त होतं ते हिच्या अंगातनं जातं, आणि हिच्याच अंगात नाही.

घरी येताना सासूबाई वाटभर बोलल्या नाहीत. रात्री टाकळ्याची भाजी झाली, डाळ घालून. दुसऱ्या दिवशी पण. आठ दिवस मी टाकळा खाल्ला. पाकिटाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

इथे लाडकी बहीण योजनेचं सांगावंच लागेल, कारण 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये अंगणवाडी ही अंगणवाडी राहिलीच नव्हती. महिना 1500 रुपये, वय 21 ते 65, फॉर्म भरायला गावातल्या सगळ्या बायका बाईंच्या दारात. मुलं व्हरांड्यात, बायका आत. सर्व्हर दिवसा चालायचा नाही म्हणून बाई रात्री अकरा-बारा वाजता घरून फॉर्म चढवायच्या. त्या महिन्यात माझं वजन करायचं राहिलं, कारण वजनकाट्यावर फॉर्मांचे गठ्ठे होते. मीही त्या रांगेत होते, तेव्हा तक्रार कुणाची करणार?

आणि इकडे मातृवंदनाचा फॉर्म एप्रिलमध्येच भरलेला. पहिल्या बाळाला 5000, दोन हप्त्यांत: नोंदणी आणि तपासणी झाल्यावर 3000, बाळाचा जन्म नोंदवून साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लशी झाल्या की 2000. दुसरं बाळ मुलगी झाली तर 6000 एकदम. पात्रतेला एक तरी कागद लागतो. आमचं कार्ड केशरी, दारिद्र्यरेषेचं नाही. पण फॅक्टरीत असताना एका शिबिरात ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांचं कार्ड काढलं होतं, ते कामाला आलं. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी असलेले जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये मात्र आम्हाला केशरी कार्डामुळे नाहीत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात मातेला 6000 पेक्षा कमी नाही असं लिहिलेलं आहे. 5000 मातृवंदनाचे आणि वरचे जननी सुरक्षाचे धरून ते भरतात, असा सरकारी हिशोब. ज्यांना वरचे लागू नाहीत त्यांचे भरत नाहीत. आशाताई म्हणाल्या, "जेवढा मेळता तेवढा घे." घेतलं.

फॉर्मसोबत मी लग्नानंतर उघडलेल्या खात्याचं पासबुक जोडलं होतं. ऑगस्टच्या मध्यावर वाडीत सगळ्यांच्या मोबाइलवर तीन-तीन हजारांचे मेसेज यायला लागले. लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे एकदम. मला काही आलं नाही. दोन दिवसांनी माहेरून बाबांचा फोन. "गो, तुझ्या नावार तीन हजार इले. कसले?"

बाबांच्या मोबाइलवर? मग उलगडा झाला. कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी कुडाळला एक खातं उघडलं होतं, जुन्या नावाचं, बाबांचा नंबर दिलेलं. आधारला तेच जोडलेलं. सरकारी पैसा पासबुकातल्या नंबरवर जात नाही; आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं असेल तिथे जातो. तुम्ही फॉर्मवर कुठलंही खातं लिहा. हे मला एकाही फॉर्म भरणाऱ्याने सांगितलं नव्हतं, म्हणून मी इथे लिहिते आहे. आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलेलं आहे ते विचारा, मग फॉर्म भरा.

पुढच्या आठवड्यात बाबांचा परत फोन. "अजून तीन हजार." आता यातले बाळाचे कुठले आणि बहिणीचे कुठले? आम्ही दोघं फोनवर बराच वेळ हसलो. शेवटी त्यांनी पासबुक भरून आणलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की दुसरे ते मातृवंदनाचे. घरी मी सहा हजार आल्याचं सांगितलं. कुठल्या खात्यात, ते विचारलं नाही कुणी, मीही सांगितलं नाही. त्यातून हजार रुपये काढून बाबांनी अंडी आणि खजूर पाठवला. बाकीचे तिथेच.

सप्टेंबर हा पोषण माह. गणपती 7 तारखेला होते, आणि चतुर्थीला कोकणात कुठलंही सरकारी काम होत नाही, म्हणून बाईंनी पाककृती स्पर्धा आधीच उरकली. अट एकच, पाकिटातलं मिश्रण वापरायचं. सासूबाईंचं नाव बाईंनी परस्पर लिहून टाकलं. चिडल्या खूप. पण आदल्या रात्री गुपचूप नाचणी भिजत घातलेली मी बघितली. त्यांनी खिचडीचं मिश्रण भाजून दळलं, त्यात नाचणीचं पीठ, किसलेला तांबडा भोपळा आणि ओलं खोबरं घालून घावणे केले. पहिला नंबर. बक्षीस स्टीलचा डबा.

तो डबा आमच्या घरात आजही वेगळा आहे. माझं पाकीट त्यात ओतलं जाऊ लागलं आणि डबा फळीवर, पुतण्याचा हात पोचणार नाही इतक्या उंच. सासूबाई रोज स्वतः त्यातली मूठ काढायच्या. मला न विचारता, न सांगता. एक घावणा पुतण्याला मिळायचाच, तो मिळायलाच हवा. सासऱ्यांनी एकदा मागितला तर, "तुमका नाय ता," एवढंच उत्तर. हिमोग्लोबिन जुलैत 10.2 झालं होतं, सप्टेंबरच्या 9 तारखेला, गणपती घरात असताना जाऊन तपासलं, 10.8. टाकळ्याने की गोळ्यांनी की आगळाने, मला ठरवता येणार नाही. सिस्टर म्हणाल्या गोळ्यांनी.

गौरी-गणपती झाल्यावर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले. कुडाळ तालुक्यात कर्ली खाडीच्या काठाला आमचं घर. इथे गंमत बघा: आधारवर इथलंच नाव, इथलाच पत्ता, अंगणवाडी घरापासून शंभर पावलांवर, तिथल्या बाईंनी मला लहानपणी खेळवलेलं. पण ॲपमध्ये मी मालवण तालुक्यातली लाभार्थी. तिथून स्थलांतर दाखवून सोडल्याशिवाय इथे घेता येत नाही. तिकडच्या बाईंनी सोडलं, इकडे दिसेना. इकडच्या म्हणाल्या सोडलंच नाही. दोन्ही बाई एकमेकींशी फोनवर बोलल्या, देवळाच्या पारावर जाऊन, कारण रेंज तिथेच. दीड महिना मी दोन्हीकडे नव्हते. बाळंतपण माहेरी होतं ही आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि मुंबईहून गावी येणाऱ्या मुलींची संख्या बघितली तर ही अडचण माझ्या एकटीची नक्कीच नाही. शेवटी तिकडच्या बाईंनीच युक्ती काढली: नाव परत तिकडेच घेतलं आणि नवरा मोटारसायकलवरून पाकीट आणून देऊ लागला. सासूबाईंनी पिशवीचं तोंड सुतळीने शिवून पाठवलेलं. फोन करून सांगितलं, "तूच खा हां. तुझ्या आवशीक वेगळा पाठवलंय," आणि खरंच वेगळ्या पिशवीत कुळीथ होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारी रुग्णालयात मुलगी झाली. 102 ची गाडी वेळेवर आली, खर्च झाला नाही, टाके आले, त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहायचं नाही. वजन 2 किलो 400 ग्रॅम. अडीचच्या खाली म्हणजे कमी वजनाचं. तासाभरात अंगावर पाजायला लावलं. सहा महिने आईचं दूध, वर पाणीसुद्धा नाही, हे सगळ्यांनी बजावलेलं, आणि ऑक्टोबरचा उकाडा असा की माझ्या आईचा जीव तुटायचा, "गो, घोटभर पाणी तरी." माहेरच्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येऊन वजन करून गेल्या. त्यांच्या सहा भेटींमुळे पाणी आणि गुटी दोन्ही टळलं. अळिवाचे लाडू, शेवग्याची भाजी, तिसऱ्यांचा रस्सा, मी भरपूर जेवले. माहेरी ताटं मोजावी लागत नाहीत.

जानेवारीत सासरी परतले. साडेतीन महिन्यांची लस इथे झाली, आधीच्या दोन तिथे, म्हणून दुसऱ्या हप्त्याचा फॉर्म कुठल्या आशाताईंनी भरायचा यात वेळ गेला. 2000 मे महिन्यात आले, अर्थात जुन्याच खात्यात.

एप्रिल 2025 मध्ये मुलीची उष्टावण झाली, एकदा घरी आणि एकदा अंगणवाडीत. तिथपासून पाकीट माझ्या नाही, तिच्या नावाचं. गोड पावडर पाण्यात शिजवून द्यायची. ती मी चाखली आणि मला आवडली नाही: साखर फार. पहिल्यांदाच तोंडाला अशी गोडी लागली की लेकरू नाचणीचं सत्त्व थुंकून टाकायला लागलं. म्हणून मी त्या पावडरीत निम्मं सत्त्व मिसळत गेले. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून वस्त्रगाळ करायची. चुलीपाशी उभं राहून ढवळत शिजवायचं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. हे धान्य आमच्या डोंगरउतारावर पिकतं, मग आमच्याच अंगणवाडीच्या पाकिटात ते साखरेपेक्षा जास्त का नसावं, हा प्रश्न मी बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "माका विचारतंस? माका पाकीट मेळता, ठराव नाय."

माझीही एक चूक झाली. आमच्याकडे बाळाला पेज देतात, उकड्या तांदळाची, पातळ. मी वाटी वाटी पाजत होते आणि ती वाटी संपवते म्हणून खूश होते. जूनच्या पावसात तिला हगवण लागली. ओआरएस, 14 दिवस झिंकच्या गोळ्या. बरी झाली. जुलैत बाईंनी दंडाला पट्टी लावली, घेर मोजून कुपोषण ओळखायची: 12.2 सेंटिमीटर. साडेबाराच्या वर हिरवं, साडेअकराच्या खाली लाल, मधलं पिवळं. ती पिवळ्यात. मी तिथेच रडायला लागले. बाईंनी मला बसवलं, घरून आणलेली पेज चमच्यात घेतली आणि चमचा तिरका केला. पेज ओघळून खाली पडली. "चमचो वाकडो केल्यार पडता ना, ता पाणी. पोट भरता, अंग भरणा नाय." मग घट्ट पेज, त्यात मूगडाळ, चमचाभर तूप किंवा खोबरेल, कुस्करलेलं अंड्याचं पिवळं, काटे काढलेला मासा. दिवसातून तीनदा जेवण, मधे दोनदा काहीतरी. दर आठवड्याला वजन.

आणि नेमक्या याच जुलैत चेहऱ्याचं प्रकरण आलं. 1 तारखेपासून घरी न्यायचा आहार हवा तर ॲपमध्ये चेहरा जुळला पाहिजे. मुलगी लहान, म्हणून चेहरा माझा. त्याआधी आधारवरून केवायसी, त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो मोबाइल बाबांचा, आणि बाबा होडी घेऊन खाडीत.

अंगणवाडीत आम्ही अठरा बायका. बाहेर धो धो पाऊस. बाई खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून मोबाइलला रेंज शोधतायत, मदतनीस ताई त्यांच्यावर छत्री धरून. मी बाबांना फोन लावते, लागत नाही. एकदा लागला, ते आकडे शोधेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. दुसऱ्यांदा त्यांनी सहा आकडे सांगितले, वाऱ्यात मला एकाचा सात ऐकू आला. तिसऱ्या दिवशी बाबा खाडीत गेलेच नाहीत. सकाळपासून देवळाच्या पारावर मोबाइल घेऊन बसले. ओटीपी गेला. मग चेहरा. उजेडाकडे बघ, पापण्या मिटून उघड. नाही जुळला. केस मागे घे. नाही जुळला. टिकली काढून बघ. बाईंनी शेवटी मला अंगणात, पागोळ्यांखाली उभं केलं आणि म्हणाल्या, "अकरावीतल्यासारखा तोंड कर." मागच्या बायका खिदळल्या. मी दोन्ही खांद्यांवर केस घेतले. जमलं. चेहरा जुळला म्हणून, की त्याच क्षणी रेंज आली म्हणून, देव जाणे.

त्या दिवशी अठरापैकी अकराजणींचं जमलं. उरलेल्या सातजणींना पाकीट मिळालं नाही. त्यातल्या दोघींची मुलं माझ्या मुलीसारखीच पिवळ्यात होती. माझ्या पाकिटातलं मी एकीला अर्धं दिलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरा केलंस."

ऑक्टोबरमध्ये पट्टी 12.8 वर आली. चार दात आहेत, सुक्या बांगड्याचा वास आला की रांगत चुलीपाशी येते.

आता ओटीपी लागत नाही, केवायसी एकदाच असतं, पुढे चेहरा पुरतो, हे बाबांना मी तीनदा समजावलं आहे. त्यांचा विश्वास नाही. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवतात आणि महिना उजाडला की सकाळी सहाला फोन करतात. "आज पाकिटाचो दिवस काय गो? मगे मी खाडयेत जावचंय नाय."